हो, पाणी प्यायले

रविवार, १४ मार्च

छोटी,

आशीर्वाद दरवेळचेच, नवे कुठून आणू? मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला दाद देत नाही. तुझा खोकला थांबला असेल असं धरून चालते.

मी फोन का उचलत नाही, हे तू तीन माणसांकरवी विचारलंस. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला रडायला लागतेस आणि मला जे सांगायचं असतं ते माझ्या तोंडातच राहतं. कागदाशी तसं होत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे, साधं, पोस्टाने येणारं. पूर्ण वाच. अर्ध्यावर ठेवून फोन लावू नकोस.

तुझी बबडी ठीक आहे. जेवते, झोपते. तिचा फोटो पाठव म्हणतेस, तो आत्ता पाठवत नाही. का, ते पुढे लिहीन.

आधी माझ्या ऑफिसचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना इथे रुळायला मदत करायची, हे आमचं काम, हे तुला माहीत आहे. निदान तू लोकांना तसं सांगतेस. बँकेत खातं कसं उघडायचं, डॉक्टरला फोनवर काय सांगायचं, प्राध्यापकांचं म्हणणं पटलं नाही तर ते कसं बोलून दाखवायचं, हे आम्ही शिकवतो. माझ्या वर्गात मी एकच वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेते. "मला प्रश्न समजला नाही, पुन्हा विचाराल का?" हसू नकोस. आपापल्या गावात पहिली आलेली मुलं, पण हे वाक्य त्यांच्या घशाखालून वर येत नाही. मान डोलावतात, हसतात आणि नापास होतात. हे वाक्य बोलता आलं की माझ्या लेखी मूल अर्धं रुळलं.

तुझी मुलगी त्या वर्गाला एकदाही आली नाही. "मावशीच आहे ना तिथे, तुला कशाला वर्ग?" असं तू तिला सांगितलंस. हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

आमची संचालिका म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. मुलांना घरची आठवण येते म्हणून तिने दारात गोळ्यांचा वाडगा ठेवलाय. शंभर हात त्यात जाऊन येतात, तळाला कागद चिकटून बसलेत. एखादं पोर रडत आलं की ती त्याच्यापुढे रंगीत पेन्सिली ठेवते आणि "तुझं मन रंगव" म्हणते. वीस-बावीस वर्षांची मुलं फुलं रंगवत बसतात आणि ती त्यांचे फोटो काढते. मला उलटी व्हायची बाकी राहते. तिनेच बबडीचं मोठं पोस्टर करून जिन्यात लावलंय. बबडी हसते आहे, केस मोकळे, हातात पुस्तकं, खाली ओळ: "घरापासून दूर, तरीही घरी." तो फोटो तू सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. मलाही पाठवलास, मी रोज त्याच्याखालून जिना चढायचे तरी.

आता बबडीच्या खोलीचं.

तुझ्या सांगण्यावरून मी महिन्यातून एकदा डबा घेऊन जायचे, दारातच द्यायचे आणि निघायचे. आत बोलावायची नाही, मला वाटायचं अभ्यास असेल. गेल्या महिन्यात ती वर्गात दिसत नाही असं कानावर आलं, म्हणून न सांगता गेले आणि दार ढकललं. भर दुपारी पडदे घट्ट ओढलेले. कोंदट वास. टेबलावर चार कप, चारांतही बुरशी, एकात तर हिरवे केस फुटलेले. आणि त्या कपांना टेकवून ठेवलेला फोन. फोनमध्ये तुझ्या स्वयंपाकघराचं छत. कोपऱ्यातलं जळमटसुद्धा दिसत होतं. तू कुठेतरी खाली भांडी लावत होतीस, आवाज येत होता.

मी पडदा उघडायला गेले तर ती ओरडली, "नको मावशी, उजेड आला की आईला माझा चेहरा दिसत नाही."

मी म्हटलं, "आणि तुला बाहेरचं काय दिसतं?"

तेवढ्यात छतातून तुझा आवाज आला, "कोण गं, ताई का? ताई, जेवलीस का?"

मी कप उचलून धुवायला गेले. त्या मजल्यावरच्या सामायिक सिंकमध्ये कुणाचे तरी केस आणि शिजलेलं काहीतरी अडकून पाणी तुंबलं होतं. छोटी, मी हाताने ते काढलं आणि मला त्याची तितकी किळस आली नाही, जितकी त्या फोनची आली. ती आल्यापासून तो तसाच चालू होता. तुझी रात्र असली की तू उशाशी ठेवायचीस आणि ती तुझं घोरणं ऐकत अभ्यास करायची. तिचा बाप कधीतरी टॉवेल खांद्यावर टाकून मागून जाताना दिसायचा, एवढीच त्या दोघांची भेट. ती ज्या गावात राहते त्या गावातली बेकरी कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. तुझ्या शेजारणीच्या नळाचं वॉशर कधी बदललं, ते माहीत होतं.

बाहेर पडतानाही ती फोन बंद करत नसे, तसाच पिशवीत टाकायची. कानात तुझा आवाज ऐकवणारं बटणाएवढं यंत्र, वरून मोकळे केस. वर्गात, बसमध्ये, ग्रंथालयात. त्या पोस्टरच्या वेळीसुद्धा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आईच सांगत होती ना, हस, अजून हस, दात दिसू देत." तेव्हापासून मी मागच्या जिन्याने जाते.

इथवर लिहून उठले होते. माझं स्वतःचं सिंक घासून आले, गरज नव्हती तरी. पुढचं लिहायचं टाळत होते, हे तू ओळखलं असशील.

तोंडी परीक्षेत तिला पकडलं, हे तुला माहीत आहे. "माझ्या लेकीवर कॉपीचा आळ घेतला, तू ऑफिसात आहेस, तू मिटव" असं तू मला म्हणालीस. ते मिटवायचं माझ्या हातात नव्हतंच. नातेवाईक म्हणून मला त्या प्रकरणापासून लांब ठेवलं होतं. चौकशीच्या वेळी सोबत बसायची परवानगी मिळाली, अट अशी की तोंड उघडायचं नाही. ते मला किती जमतं, तुला ठाऊक आहे. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

समोर तिघे. मधली बाई तिच्या मृदाशास्त्र विभागाची प्रमुख, ताठ, नाकावर चष्मा. तोंडी परीक्षा ध्वनिमुद्रित करतात, ती त्यांनी लावली. परीक्षक विचारतो, "या चार नमुन्यांपैकी कोणत्या मातीत पाणी मुरलं नाही, आणि का?" मग शांतता. मग तुझ्या लेकीचा आवाज, हळू, आपल्या भाषेत: "हो, प्यायले."

मग परीक्षकाचा आवाज, "केस जरा बाजूला कराल का?"

ते त्यांनी पुन्हा लावलं. "हो, प्यायले." त्या खोलीत ते कळणारी मी आणि ती, दोघीच. त्यांना वाटत होतं, कुणीतरी उत्तर सांगतंय आणि ही "समजलं" म्हणतेय. बाईंनी विचारलं, "याचा अर्थ काय? कुणाशी बोलत होतीस?"

मी हातांवर बसून राहिले. ती माझ्याकडे वळली. माझा चेहरा दगडासारखा. मग ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "आईशी. आईने विचारलं, पाणी प्यायलीस का. मी म्हटलं, हो, प्यायले."

शेजारचा गृहस्थ हसला. बाई हसल्या नाहीत. "तुझी आई या विषयातली आहे?"

"माझ्या आईला कुंडीतली तुळससुद्धा जगवता येत नाही," ती म्हणाली. माफ कर, पण हे तिने म्हटलं. आणि खरं आहे.

"मग ती काय सांगत होती?"

आता वाच, छोटी. हे मी तुझ्यापासून दोन आठवडे लांब ठेवलंय. ती म्हणाली, "घाबरू नको म्हणत होती. श्वास घे म्हणत होती. तू हुशार आहेस म्हणत होती, सारखं. मला उत्तर येत होतं. चौथा नमुना, चिकणमाती, आम्ही स्वतः खणून आणली होती. पण मला प्रश्न ऐकू आला नाही. आईचा आवाज चालू होता ना. मला इथे आल्यापासून कुणाचंच काही नीट ऐकू आलेलं नाही."

रडली नाही. चिडलीही नाही. दुकानात एखादी वस्तू खराब निघाली की आपण सांगतो ना, तसं सांगितलं.

मग बाई म्हणाल्या, "ऐकू आला नाही, तर 'पुन्हा विचारा' असं का नाही म्हणालीस?" माझं ते वाक्य, छोटी. जे मी परक्यांच्या पोरांकडून घोटून घेते. ती म्हणाली, "आई म्हणाली होती, न समजल्याचं दाखवू नको, इंप्रेशन खराब होतं."

निर्णय असा आला: कॉपी नाही, पण नियम मोडला. ती परीक्षा रद्द. एकदाच पुन्हा देता येईल. तेव्हाही काही आढळलं किंवा ती नापास झाली, तर सामान बांधायचं. यात कुणाची ओळख चालत नाही. माझी तर नाहीच.

हा निर्णय तिने तुला सांगितला. कारण नाही सांगितलं. आणि मग तू काय केलंस? तुला वाटतं मला माहीत नाही. तिला म्हणालीस, "याहून लहान मशीन मिळतं, कातडीच्या रंगाचं. केस पुढे घे, कुणाला दिसणार नाही. मी काही बोलणार नाही, नुसती ऐकत बसेन." आणि मला निरोप, "ताई, फक्त तारीख कळव, त्या दिवशी मी घरातलं सगळं आवरून बसते."

मी तुझी वेणी घातली आहे, छोटी. तुझं नाक पुसलं आहे, तू तापात ओकलीस ते ओंजळीत धरलं आहे. कधी तोंड वाकडं केलं नाही. तो निरोप ऐकल्यावर मला पहिल्यांदा तुझी शिसारी आली. लिहिलं आहे ते खोडत नाही. अजून पुरती गेलेली नाही. तू वाईट बाई असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू लेकीवर जीव टाकतेस आणि तो तिच्या अंगावर ओला कपडा होऊन बसतो, हे तुला दिसत नाही. हा राग नाही गं. राग आला असता तर मी फोनच केला असता.

आता फोटोचं. मंगळवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, केस कापायचेत, येतेस?" कापणाऱ्या बाईने विचारलं, "किती ठेवू?" हिने दोन्ही कानांच्या वर बोटं ठेवली. "हे उघडे राहिले पाहिजेत. लांबून दिसले पाहिजेत." मी खुर्चीत बसून मासिक चाळत राहिले, एक अक्षर वाचलं नाही. केस खाली पडले तेव्हा तुझी आठवण आली, हे कबूल करते. तू त्यांना किती जपलंस. तिला ते बरे दिसत नाहीत, मान फार लांब वाटते. पण घरी येताना बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "मला कळलं नाही, पुन्हा विचाराल का?" त्याने पुन्हा विचारलं. खिडकी लावू का, एवढंच होतं. ती "नको, असू दे" म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

सध्या ती माझ्या मधल्या खोलीत राहते. फोन तिने आपण होऊन माझ्या कपाटात ठेवला आहे. मी मागितला नव्हता. पहिल्या दिवशी कपाटापाशी चार वेळा जाऊन आली. आता संध्याकाळी बेकरीपर्यंत जाते आणि वाटेत जे दिसलं ते जेवताना सांगते. तुझ्यासारखीच सांगते, फाटे फोडत.

तिच्या परीक्षेची तारीख मला ठाऊक आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ती होऊन गेलेली असेल. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. पोस्टाला किती दिवस लागतात ते चौकशी करूनच बसले. पास की नापास, हे आत्ता मलाही माहीत नाही, आणि नापास झाली तर तिला घेऊन मीच तुझ्या दारात उभी राहीन, तेव्हा मला जे बोलायचं ते बोल.

निकाल लागला की ती कपाटातून फोन काढेल आणि तुला लावेल. तसं तिने म्हटलं आहे. तो उचलशील तेव्हा काही विचारू नकोस. जेवलीस का नको, पाणी नको, केसांचं तर नाहीच. ती गप्प राहिली तर तूही गप्प राहा. तिला आधी बोलू दे.

कान तिकडेच लावून बसलेली,
तुझी ताई