दहाव्याचा वस्तरा

अड्याळ, १२ नोव्हेंबर २०१८

पोचलो एकदाचे! टेम्पोतलं सामान उतरेपर्यंत अर्धं अड्याळ मला ओळखायला लागलं, आणि उरलेल्या अर्ध्याला ललितानं चहा पाजला. पुढे रस्त्याला लागून न्हाव्याचं जुनं दुकान, मागे आमच्या खोल्या, आणि एका भिंतीपलीकडे घरमालकीण चंद्रभागाबाई. नवरा गेल्यापासून एकटीच असते. ललिताचं माहेर कोंढा, इथून जवळ, म्हणून बायको खूश. दुकानाला उत्तरेचा उजेड, म्हणून मी खूश. समोर भैय्यालालचं सलून आहे. त्याच्या दोन चिमुरड्या पोरी दारात बसून माझं पाती उजळायचं बफिंगचं चाक बघत होत्या. चालू करून दाखवलं तर टाळ्या वाजवल्या.

एकोडीहून सायकलला सहाण बांधून ‘चाकू-कैचीऽऽ’ ओरडत फिरायचो, तेव्हा गोंदियासुद्धा भंडारा जिल्ह्यातच होता. आज तोच केवळराम जुने गंजके वस्तरे आरशासारखे करून इंटरनेटवरच्या शौकिनांना विकतो. शाळा बेताचीच, पण कान तिखट. डोळा फसतो, कान फसत नाही. पात्याला नखानं टिचकी मारायची. चांगलं पोलाद असलं की ते गातं. ही टिचकी पोराला, धनंजयलाही शिकवली. तो नागपूरला नोकरीला लागला ते जाऊ दे, हात माझाच आहे त्याचा. सून रीता पोटुशी आहे. उन्हाळ्यात आजोबा होणार मी!

१५ नोव्हेंबर

चंद्रभागाबाईनं नवऱ्याच्या वस्तऱ्यांचा डबा काढला. विलायतेतल्या शेफील्डचे, जर्मनीतल्या सोलिंगेनचे, एक तर हस्तिदंती मुठीचा. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं सुटायच्या आधीच मी भाव बोललो, तर म्हातारी म्हणते, भाऊ, तुमी तं पान्यातल्या म्हशीचंच मोल करून राह्यले.

शिंगाची मूठ. पातं काळं. गंज नव्हे, पिकल्या जांभळासारखा रंग, आणि तोही बोटबोट रुंदीच्या पट्ट्यांनी चढलेला. फक्त टोकाशी एक बोटभर जागा लख्ख. तिथून कळलं की खाली पोलाद अव्वल आहे. टिचकी मारली तर आवाजच नाही. भेगाळलेल्या मडक्यासारखा.

म्हणाली, हा इकाचा नाही जी, हा दहाव्याचा. गावात कोणी मेलं की दहाव्या दिवशी तलावाच्या पाळीवर घरच्या मर्दांची डोकी याच वस्तऱ्यानं भादरायची. जित्या घरात हा चालत नाही. मी तासभर गोड बोललो. शेवटी म्हणाली, न्या बाप्पा, पन उजळवू नोका. काळा हाये तं काळाच राहू द्या.

१७ नोव्हेंबर

काळ्या वस्तऱ्याचे फोटो दोघा गिऱ्हाइकांना पाठवले. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा लगेच फोन. म्हणे, हातसुद्धा लावू नका, ही झाक काळानं चढवलीय, तीच त्याची किंमत. ती घासणं म्हणजे म्हाताऱ्याची कातडी सोलून त्याला तरुण म्हणणं. दिल्लीवाला उलट म्हणतो, पात्यात मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे, दिसला तर दुप्पट देतो.

मी स्वतः गंजातून वर आलेला माणूस. काळं राहण्यात कसला आलाय मोठेपणा?

१९ नोव्हेंबर

सकाळी भिंतीपलीकडे चंद्रभागाबाई आणि तिची बहीण उषाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कान मुद्दाम लावावे लागत नाहीत मला. उषाबाईनं विचारलं, उजळवला का व त्यानं? ही म्हणाली, नाही अजून. पन उजळवन. म्या मना केलं ना त्याले, मंग उजळवनच. दोघी हसल्या. मलाही हसू आलं. माणूस ओळखते हो म्हातारी!

दुपारी चाकावर घेतला. काळं निघता निघेना. निघालं तेव्हा केस जळाल्याचा वास आला. पण काय पातं निघालं! माझी टोपी, मागचा दरवाजा, दारात उभी ललिता, सगळं त्यात. टिचकी मारली. तो गायला. इतका लांब सूर मी कुठल्याच पोलादाचा ऐकलेला नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी अंघोळीला बसलो होतो. दुकानातून सूर आला. तोच. वाटलं ललितानं वस्तऱ्याची डबी उघडली असेल, पण ती तर माझ्या पाठीवर पाणी ओतत होती.

मग एकोडीहून फोन आला. धानाची मळणी चालू होती. मधुकरदादाचा दुपट्टा मशीनच्या पट्ट्यात गेला. दुपट्टा गळ्याला गुंडाळलेला होता.

निघतो.

३ डिसेंबर

परवा दहावा झाला, परतलो. डोक्याचा गोटा झालाय. भैय्यालालच्या पोरी बघून खुदकन हसल्या, मीही हसलो त्यांना. दादानं मला पहिली सहाण घेऊन दिली होती. त्याचा गळा शिवूनही नीट बसला नव्हता, पण ते लिहीत नाही.

डबी उघडली. पात्याच्या मुळाशी बोटभर रुंद काळा पट्टा. जांभळट. डबी दमट असेल. दिल्लीवाल्याची घाई चालली आहे. पट्टा घासून काढला, पुन्हा आरसा.

५ डिसेंबर

सूर ऐकला. ऐकल्याबरोबर लिहायला बसलो, म्हणजे नंतर भास म्हणायला नको. ललिता ओसरीत भाजी चिरते आहे, विळीचा आवाज येतोय, चर्र, चर्र. सगळं ठीक आहे. मीच उगीच

विळीचा आवाज थांबला

१५ डिसेंबर

दहावा झाला. ती विळीवर पडली होती, तोंडावर. डॉक्टर म्हणाले चक्कर.

तिचाही पट्टा आला आहे. मुळाशी. दादाचा मी पुसला, तिथेच. हा पुसला नाही. हात गेला होता, मागे घेतला. धनंजय रजा टाकून राहिला आहे, रीतालाही इथेच आणलंय. मला सोबत म्हणून. मी किती सांगितलं, जा नागपूरला.

१६ डिसेंबर

चंद्रभागाबाईला धरलं. तिनं काही लपवलं नाही. चहा दिला आणि शांतपणे सांगितलं.

एका दिवाळीच्या घासाघाशीत पितळेच्या भांड्यांबरोबर तिनंच तो चिंच-राखेनं उजळवला होता. नवऱ्यानं पाहिलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. गावभरच्या मयतांनी चढलेला काळेपणा होता तो. तो काढला की वस्तरा रिकामा होतो, आणि मग भरून घेतो. पण गावातून नाही. ज्यानं उजळवला त्याच्या घरातून. थोरला गेला, सून गेली, धाकटा गेला, नवरा गेला. उजळवणाऱ्याला शेवटी ठेवतो. टोकाशी राहिलेली ती लख्ख जागा तिची होती.

मी म्हटलं, बाई, माझंच घर दिसलं का? म्हणाली, तुमी आपल्या पायानं आले जी. मले मराचं नवतं. दुसऱ्या कोनी उजळवला का मांगचा सुटते.

उठताना म्हणाली, अन् ललिताबाईचा पट्टा पुसू नोका. पुसला का ते मेलेलं फुकट जाते. तुमच्या भावाचं गेलं तसं.

१७ डिसेंबर

पात्यावर चार बोटं जागा उरली आहे. माझी माणसं: धनंजय. रीता. तिच्या पोटातलं.

मग मी.

पुणेवाल्याला फोन केला, म्हटलं फुकट देतो, फक्त उजळवा. तो दुखावला. म्हणाला, मी कधी घासत नाही, विकतही नाही असल्यांना. दिल्लीवाला म्हणतो, मला तयार हवा. तो माझं का करेल? कोणी तरी हवा. हाताशी. आजच. सूर कधीही

१८ डिसेंबर

समोर गेलो. हसत गेलो, हसणं अजून येतं मला. भैय्यालालला वस्तरा दाखवला. पट्टा दाखवला. म्हटलं, हा एवढा डाग माझ्याकडून निघेना, दिल्लीचं गिऱ्हाईक दुप्पट देतं, पण आता मला त्यात हात नाही घालायचा, तूही घालू नको. मना केलं. दोनदा. माझ्या दुकानाची किल्ली कुठे टांगतो तेही बोलता बोलता सांगितलं. तो म्हणाला, काकाजी, तुमाले जमलं नाही असं कोनतं काम हाये? डोळे चमकले त्याचे.

धनंजय मागेच उभा होता, माझा हात धरून. पडीन म्हणून.

भैय्यालालच्या पोरींनी मला गोळी दिली, लिमलेटची. खाल्ली मी.

१९ डिसेंबर

नाही आला. पोरी खेळताहेत. त्यांच्याकडे बघत नाही.

ये रे बाबा. लवकर ये.

२० डिसेंबर, सकाळ

चाक! दुकानात चाक चालू झालं. आला. किल्ली घेतली त्यानं.

घूं घूं—आता पातं टेकलं, आवाज बदलला. मी इथे खोलीत बसून लिहितोय, उठणार नाही. केस जळाल्याचा वास येतो आहे. ललिता, माफ कर. पोरं वाचली आपली. रीता चुलीपाशी गाणं गुणगुणतेय. किती दिवसांनी नीट ऐकतोय मी तिला.

चाक थांबलं.

टिचकी. अंगठ्याच्या नखानं, पात्याच्या पोटाजवळ, हलकी—अशी टिचकी मी फक्त एकाला—

धनंजय ओरडून सांगतोय, बाबा, तुम्हाला होत नव्हतं म्हणून मीच केला, या बघायला, एक डाग नाही ठेवला—

एक डाग नाही

सुटलो मी. मागचा सुटतो. आता घर त्याचं. त्याच्या घरात मी. आणि

मी पुन्हा घासला तर माझ्यावर येईल. मग जाईल धनंजय. नाही घासला तर मी, नाही तर—मलाच घे. मी म्हातारा, मी जवळ आहे, मला—

सूर.

कोणी टिचकी मारली नाही. धनंजयचे हात रिकामे दिसताहेत मला दारातून, पुसतोय तो हात—

मी अजून आहे. श्वास आहे. लिहितोय. म्हणजे

रीताचं गाणं थांबलं