विमानातलं मखर

७ एप्रिल
ऋतुजा सुट्टीवर आली. रोह्याला, कुंडलिका नदीच्या पलीकडे एका शेटजींचं खासगी मैदान आहे. तिथे दोन सीटच्या विमानात तिची पायलटची परीक्षा, पंचवीसला. जेवताना म्हणाली, उन्हात टॅब तापून बंद पडतो, मग नकाशा दिसत नाही. सहज म्हणाली. पण लेकीची हाक बाप ओळखतो. आजपासून आपल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती दुय्यम, विमान प्रथम.

१० एप्रिल
तत्त्व सोपं आहे. माठातलं पाणी गार का? माती! इंजिनिअर लोकांना हे सुचत नाही, कारण ते फ्रिजचं पाणी पितात. शाडूची चौकट करायची, मागून बंद, आत टॅब. मखरात गणपती बसतो तसा. मातीत कापूस मळून सुरुवात केली.

१३ एप्रिल
चौकट सावलीत वाळायला हवी. जनू कारागीर म्हणाला, ऑर्डरच्या मूर्त्या ठेवायला मग जागा नाय. म्हटलं, बाहेर ठेव. संध्याकाळपर्यंत उन्हानं मूर्त्या तडकल्या. जनूचा निष्काळजीपणा. चारचौघांत झापलं. माणसं कामाकडे लक्षच देत नाहीत.

१६ एप्रिल
टेस्ट. गाडीच्या डॅशबोर्डवर चौकट बसवून भर दुपारी पेण ते रोहा. टॅब बर्फासारखा! घरी आल्यावर कळलं, चालूच केला नव्हता. तत्त्व मात्र सिद्ध.

१९ एप्रिल
रंगकाम. आमच्या जोहे गावातून बिनरंगाची वस्तू बाहेर पाठवणारे पाठवोत, आपली एक इज्जत आहे. सोनेरी ऑइल पेंटचे दोन हात, वर वार्निश, कडेनं वेलबुट्टी. वनिता म्हणाली, रंगवलेल्या माठात पाणी गार होतं व्हय?
संकल्प: बायकोला विज्ञान समजावत बसायचं नाही.

२५ एप्रिल, सकाळ
मैदानावर पोचलो. ऋतुजा म्हणाली, बाबा, नको, माझ्याकडे क्लिप हाय, तिच्यात टॅबला मागून हवा लागते. मी डोळ्यांत पाणी आणलं. मला जमतं. म्हटलं, बापाचा एवढा एक हट्ट. शेवटी हो म्हणाली. परीक्षा घेणारे कॅप्टन चहाला गेले होते. तेवढ्यात मीच सुतळीनं चौकट विमानात समोरच्या दांड्याला करकचून बांधली. झकास दिसत होती.

२५ एप्रिल, दुपार
नागोठण्यावर टॅब तापून बंद. ऊनच तसं होतं. मग हादऱ्यांनी चौकट फुटली आणि एक ढेकूळ पायातल्या पेडलखाली अडकलं. विमान कललं म्हणे. कॅप्टननी स्वतः खाली उतरवलं. ऋतुजा नापास.
कॅप्टन सगळ्यांसमोर ओरडले, हा मातीचा गोळा विमानात आणलाच कुणी? ती म्हणाली, मी. बनवला कुणी? म्हणाली, बाजारातून आणला. मी शेजारीच उभा होतो, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरगी हुशार! पेटंट मिळेपर्यंत नाव फोडायचं नाही, हे तिला न सांगता कळलं.
परत येताना गाडीत रडत होती. समजावलं की तयारी कमी पडली. परीक्षेला जाताना आपली वस्तू आपण तपासून घ्यावी.

२७ एप्रिल
ऋतुजा हॉस्टेलवर गेली. मी उठायच्या आत. सुट्टी बाकी होती, पण अभ्यासाची ओढ म्हणायची. टॅब इथेच विसरली. उत्तम, मला मापाला झाला.

४ मे
चौकट नंबर दोन. आत छोटा पंखा, मागे वाळ्याचा पडदा. फोनवर ऋतुजाला सगळं सांगितलं. म्हणाली, लेक्चर हाय. रात्री लेक्चर असतात हल्ली.

१७ मे
वनितेचा फोन वाजला. तिचे हात मातीचे, म्हणून स्पीकरवर टाकला. मी मागे पंखा बसवत होतो, तिला दिसलो नाही. ऋतुजा! पास झाली! दुसरी परीक्षा होती हेच मला ठाऊक नव्हतं. हात पुसून पुढे निघालो, तेवढ्यात ती म्हणाली, आई, बाबांना सांगू नको गो, लायसन हातात येऊ दे, नायतर ते पुन्हा मदतीला येतील.
वनिता म्हणाली, नाय सांगत. किती सहज म्हणाली.
मी परत मागे सरलो. पंखा चालू होता, त्याचा आवाज त्यांना जाईल म्हणून मी तो हातानं धरून ठेवला.