सरदार, राक्षस आणि भोपाळची बदली

८ ऑक्टोबर १९५६, सोमवार
एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. आमच्या सेक्शनमधून एकानं तिकडे जायचं, एकानं ग्वाल्हेरीत राहायचं. मी किंवा माधवराव. हेडक्लार्क भालचंद्रपंत म्हणाले, आपसात ठरवा, माझं डोकं खाऊ नका. मी जाणार नाही. आमच्या पाच पिढ्या लढल्या आहेत. मीही दसऱ्याला तलवार पुसतो.

१० ऑक्टोबर
प्लॅन तयार! मी काढलेला चित्रवह्यांचा खेळ. एका वहीत सरदार, दुसरीत राक्षस. वह्या अदलाबदल करायच्या. दोघांनी एकदम आपापल्या डावाचा आकडा सांगायचा. दोन्ही आकडे जुळवून पान उघडलं की समोरचा दिसतो: वार करताना, ढाल धरून, नाहीतर घायाळ. जिंकेल त्यानं गाव निवडायचं. माधवराव म्हणाले, चलेगा. कारकुनी घराणं, युद्धातलं काय कळणार? त्यांना राक्षस दिला. राक्षस लंगडा काढलाय. कलावंताला एवढं स्वातंत्र्य असतंच.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
मंदाबरोबर प्रॅक्टिस. सात लढाया, सात हार. ती मेथी निवडत खेळते, त्यानं माझी एकाग्रता जाते. म्हणाली, "अहो, दर वेळी डोक्यावरच वार काय करता? समोरच्याला कळतं ना!" कळू दे. मर्द डोक्यावरच वार करतो.

१६ ऑक्टोबर
दुपारी फूलबागेत लढत. चौथ्या डावात माझा सरदार गारद. ऊन डोळ्यांवर येत होतं. माधवरावांनी भोपाळ निवडलं! तिथे हेडक्लार्कची जागा रिकामी आहे म्हणे. म्हणजे मी ग्वाल्हेरीतच. हवं तेच मिळालं. तरी जेवण गेलं नाही.

१८ ऑक्टोबर
चपराशी उमाजीनं सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, लंगड्यानं मारलं?" माधवरावांकडे पुन्हा लढत मागितली. ते नको म्हणाले. मंदा म्हणाली, "हरलात म्हणून तर घरी राहताय. आता पुन्हा कशाला?" तत्त्वाचा प्रश्न आहे. तिला नाही कळायचा.

२२ ऑक्टोबर
माधवराव आज आपणहून आले. लढू म्हणाले, पण जिंकेल त्यानंच भोपाळला जायचं. मी ताबडतोब हो म्हटलं. घाबरलो असं वाटायला नको.
डोक्यावर वार. लागला. पुन्हा डोक्यावर. लागला. तिसराही! राक्षसानं एकदाही ढाल वर केली नाही. माझा वेगच तसा. माधवरावांनी हात जोडले, आणि भालचंद्रपंतांसमोर कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. उमाजीनं सलाम ठोकला.
घरी सांगितलं. मंदा म्हणाली, माझी शाळेतली नोकरी इथे आहे, मी येणार नाही. मग माझं ताट वाढून ती शेजारी निघून गेली. विजेत्याला एकांत लागतोच.

६ नोव्हेंबर, भोपाळ
हेडक्लार्कच्या जागेवर इंदूरहून आलेले गृहस्थ बसलेत. मला टेबल मिळालं, खुर्ची यायची आहे. फायली खिडकीत उभ्यानं लिहितो. तब्येतीला बरं.
मंदाचं पत्र आलं. माधवरावांच्या राजलक्ष्मीबाईंनी ग्वाल्हेर सोडायला साफ नकार दिला होता, म्हणून ते मुद्दाम हरले. परवा घरी येऊन स्वतःच सांगून गेले. वर म्हणाले, "वहिनी, आयुष्यात पुष्कळ कठीण कामं केली, पण यांच्याकडून हरायला जेवढे कष्ट पडले तेवढे कशालाच नाहीत."