डाव्या हाताची कैची

बाबा, काल तुमच्या नातीचा फोन आला होता. दादाची धाकटी. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, आता जर्मनीला शिकायला आहे आणि पहिल्यांदाच सुट्टीला दारव्ह्याला येते आहे. तिकडून काय काय आणायचं याची यादी करत बसली होती. वहिनीला तवा हवा आहे, दादाला गुडघ्याचं मलम, आणि चॉकलेट तर अख्ख्या गल्लीला हवं आहे, अर्ध्या गल्लीला शुगर असली तरी. सगळ्यांचं झाल्यावर तिने मला विचारलं, "आत्या, तुझ्यासाठी काय आणू? डाव्या हाताची कैची?" आणि खदाखदा हसली. मीही हसले.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण आपल्या घरात आता तसं म्हणायची रीत पडली आहे. जी वस्तू जगात नाही ती कुणी मागितली, की डाव्या हाताची कैची. गेल्या वर्षी वहिनी म्हणाली की एक दिवस तरी यांनी आपला ओला टॉवेल स्वतः वाळत टाकावा, तर दादा म्हणाला, डाव्या हाताची कैचीच माग ना मग. सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि मग तिने तुमच्या फोटोकडे पाहिलं. हे बोलणं आपल्या घरात आलं ते माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य खोटं होतं, हे इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुमचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. बस स्टँडच्या रस्त्यावरची ती एवढीशी खोली, दाराशी मशीन, आत कटिंगचा टेबल, भिंतीवर खिळ्याला अडकवलेली खाकी कागदाची मापं. टेबलापाशी तुम्ही उभे आहात, मान डाव्या खांद्याकडे कललेली. गिऱ्हाइकांना वाटे की टेलरची मान आखडली आहे. मान नव्हती आखडलेली, तुम्ही डावखुरे होता. शाळेत गुरुजींनी छडी मारमारून लिहिणं उजव्या हातावर आणलं, पण कैची काही त्या हातात गेली नाही. आणि कैची म्हणजे बाजारात मिळते ती उजव्या हाताची. डाव्या हातात धरली की वरचं पातं खडूची रेघ झाकून टाकतं, म्हणून तुम्ही मान वाकवून पलीकडून बघत कापायचात. जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस तर पांढऱ्या कापडाचे ढीग लागत. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं मापं द्यायला येत, आणि संध्याकाळी घरी आलात की आई तुमच्या अंगठ्याला तेल लावी. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, तिथे कातडी फाटून लाल झालेली असे. मी विचारलं होतं एकदा, दुखते का. तुम्ही म्हणालात, "दुखाले काय झालं, सवय हाये त्याले."

नागपूरहून मशीन दुरुस्त करायला एक मिस्त्री यायचा. त्याने तुम्हाला सांगितलं की जर्मनीत डावऱ्यांसाठी वेगळी कैची बनते, पाती उलटी बसवलेली. झालं. तेव्हापासून तुम्ही ती गोष्ट सगळ्या लाइनीत सांगत सुटलात. शेजारचे दोघे टेलर तुमची मजा घ्यायचे. "मंग तिकडं डाव्या पायाची सायकलही भेटत असन," एक जण म्हणायचा. तुम्ही चिडायचा नाहीत. "हाये म्हंजे हाये," एवढंच म्हणून पुन्हा मान वाकवायचात. मला मात्र त्या हसण्याचा राग यायचा, आणि त्याहून जास्त तुमचा, की तुम्ही कशाला सांगता यांना.

मग मला पुण्याला नोकरी लागली आणि दुसऱ्याच वर्षी ऑफिसने दीड महिन्याच्या ट्रेनिंगसाठी नेमकं जर्मनीला पाठवायचं ठरवलं. आपल्या घरातलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं. निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने काही ना काही सांगितलं. कुणाला अत्तर, कुणाला ब्लँकेट, मावशीला तर "तिकडचं काहीही". तुम्ही काही मागितलं नाही. स्टँडवर बस लागली तेव्हा खिशातून एक घडी केलेला खाकी कागद काढून माझ्या हातात दिलात. त्यावर तुमच्या डाव्या पंजाची पेन्सिलने काढलेली आकृती होती, आणि प्रत्येक बोटापाशी इंचात माप. "दुकानदाराले हे दाखवजो. दहा इंची पायजे. भेटली तर आणजो, नाई भेटली तर जीव नको जाळू." तुम्ही आयुष्यभर लोकांची मापं घेतलीत. स्वतःचं माप दिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

भेटली, बाबा. तिसऱ्या रविवारनंतर, एका सोमवारी. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात हे कळायला मला तीन रविवार लागले. सुऱ्या आणि कैच्यांचंच दुकान होतं. काउंटरवर एक म्हातारी बाई होती. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला इंग्रजी, म्हणून मी कागदच तिच्यापुढे पसरला. तिने चष्मा लावून तो कागद एवढा वेळ पाहिला की मला वाटलं, आता ही परत देणार. मग तिने आपला स्वतःचा डावा हात वर करून दाखवला आणि मान हलवली. आतून एक लांबट डबा आणला. कैची काढून तुमच्या पेन्सिलीच्या पंजावर ठेवली, अंगठ्याची कडी अंगठ्यावर, बोटांची बोटांवर. तंतोतंत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या बाईने न विचारता डब्याला कागद गुंडाळून वर सुतळीची गाठ मारली.

निघायच्या दिवशी बॅग भरताना तो डबा मोठ्या बॅगेत ठेवायचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. याला कारण तुम्हीच. मी दहा वर्षांची असताना आपण नेरला एका नवरदेवाचा कोट द्यायला जीपने चाललो होतो. मी शहाणपणा करून कोटाची पिशवी टपावर द्यायला लावली, आणि वर कुणाचा तरी तेलाचा डबा सांडला. नेरला पिशवी उघडली तेव्हा कोट तेलाने माखलेला होता. तुम्ही दिवसभर तिथल्याच एका ओळखीच्या दुकानात बसून नवा कोट कापलात, शिवलात, आणि येताना जीपमध्ये एवढंच म्हणालात, "पोरी, मोलाची चीज टपावर देत असतात काय? मांडीवर घेऊन बसाव." त्या बोलण्याने मला इतकं लागलं की पुढे मी शाळेचं दप्तरही कधी टपावर दिलं नाही. आणि जर्मनीहून निघताना मी तुमची कैची माझ्या मांडीवर घेतली.

विमानतळावर तपासणीत ती काढून घेतली. दहा इंचाची पाती घेऊन विमानात बसता येत नाही, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. मला माहीत नव्हतं.

पुण्याहून दारव्ह्याला येईपर्यंत मी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण स्टँडवर तुम्ही उभे होतात, सोबत ते दोघे टेलरही, आणि तुमच्या हातात खोळ होती. सुटाच्या करड्या कापडाची, आतून निळं अस्तर, तोंडाशी बटण. दीड महिन्यात तुम्ही त्या कैचीसाठी घर शिवून ठेवलं होतंत. तुम्ही विचारलंत, "भेटली काय वो?" मला वाटलं, काढून घेतली म्हटलं तर तुम्ही विचाराल, "काहून?" मग सांगावं लागेल की मांडीवर घेतली म्हणून. आणि मग तुमच्या चेहऱ्यावर जे येईल ते मला बघवणार नाही. मी म्हटलं, "बाबा, अशी कैची नसतेच. चार दुकानांत विचारलं. ते लोक हसले मला."

चार दुकानं आणि हसलेले लोक, हे मी कुठून आणलं देव जाणे. खोटं एकदा तोंडातून निघालं की त्याला हातपाय फुटतात. ते दोघे टेलर हसले. तुम्हीही हसलात, थोडं उशिरा. "म्हंजे त्या मिस्त्र्यानं मले बनवलं," म्हणालात. मग खोळ खिशात ठेवून माझी बॅग उचललीत. त्यानंतर दुकानात तुम्ही ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. दुसऱ्यांनी काढली की मान खाली घालून मशीन चालवायचात. खोळ वाया जाऊ नये म्हणून तिच्यात चष्मा ठेवायला लागलात. मोठी व्हायची ती चष्म्याला, चालताना आत खडखडायचा. अडीच वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हाही चष्मा त्याच खोळीत होता, आणि अंगठ्यावर तो घट्टा तसाच. विहारातून लोक आले, तुमच्यावर पांढरं कापड घातलं गेलं. तुमचा डावा हात त्याच्या बाहेर राहिला होता. तो मीच आत घेतला.

इथवरचं कधीतरी आईला सांगता आलं असतं. चूक होती, अडाणीपणा होता, तिने मला जवळच घेतलं असतं. पुढचं सांगता येत नाही. तपासणीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याने डबा उघडला, कैची पाहिली, घड्याळ पाहिलं आणि इंग्रजीत समजावून सांगितलं की विमानाला अजून भरपूर वेळ आहे, मागे जा, काउंटरवर ही सामानात देऊन ये. तेवढंच करायचं होतं. पण माझ्यामागे ऑफिसचे दोघे उभे होते. त्यातली एक म्हणाली, "अगं, कात्री कोण नेतं जर्मनीहून? तुमच्याकडे मिळत नाहीत का?" आणि दुसरा हसला. मी त्या दोघांना सांगितलेलं होतं की माझ्या वडिलांचा कपड्याचा व्यवसाय आहे. मागे जायचं म्हणजे कैची कुणासाठी ते सांगायचं. मी त्या माणसाला म्हटलं, राहू द्या, काही विशेष नाही ते. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्याने ती एका निळ्या पेटीत टाकली. आवाज आला, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मला तुमची लाज वाटली होती, बाबा. खोटं त्यासाठी होतं.

आज सकाळी तुमच्या नातीला मेसेज केला, हो, तीच आण. मी जपून ठेवलेल्या तुमच्या खाकी कागदाचा फोटो काढून पाठवला, आणि खाली लिहिलं की मोठ्या बॅगेत ठेव, मांडीवर घेऊ नकोस. तिचं लगेच उत्तर आलं, "म्हणजे अशी कैची खरंच असते? तुला कसं माहीत?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. घरात हे कळायच्या आधी तुम्हाला कळावं असं वाटलं, म्हणून हे लिहीत बसले. हे कुठे पाठवायचं नाही, त्या खोळीत ठेवून देईन.

एक गोष्ट राहिली. त्या दुकानात म्हातारीने मला एक चिंधी दिली होती, कैची चालवून बघ म्हणून. मी कैची माझ्या उजव्या हातात धरली. कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडत होतं, रेघ दिसत नव्हती, आणि चार वेळा कापेपर्यंत माझा अंगठा दुखायला लागला. मी तिथल्या तिथे ठरवलं होतं की घरी गेल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगायचं.