मी कोणत्या बाजूने जिंकलो

कुंभकोणम

व्याही श्रीपादराव यांस, इथून कोल्हापूरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने व्यंकोबारावाचा नमस्कार.

ज्यांची मुलं परक्या देशात परक्यांच्या म्हाताऱ्यांना घास भरवतात आणि स्वतःचे म्हातारे फोनच्या पडद्यावर बघतात, अशा आपण दोघा बापांनी आधी त्या विलायती सरकारचा निषेध करू. पाच वर्षं काम करा, मग कायमचं राहू देऊ, असं सांगून त्यांनी माझ्या हरिणीला नेलं, तिच्या मागोमाग तुमचा गिरीश गेला. आता चार वर्षं उलटल्यावर म्हणतात, पाचाची दहा करण्याचा विचार आहे. धावणारा दोरीजवळ आला की दोरी उचलून पुढे न्यायची, याला धोरण म्हणतात. निषेध संपला. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचं रक्तदाबाचं औषध बदललं म्हणे, ते मानवलं का? इकडे आमची सौ. शिवकामी ठणठणीत आहे. माझी प्रकृती कशी आहे हे पुढचं वाचून तुम्हीच ठरवा, कारण गेल्या आठवड्यापासून मला काहीच ठरवता येत नाही.

माझं एक वाक्य तुम्हाला पाठ असेल: ज्याच्या हातात देव आहे त्याच्या हातात कायदा देऊ नये. हे मी पट्टीश्वरमच्या देवळासमोर माईकवरून सांगितलं आहे, वकिलांच्या संमेलनात सांगितलं आहे आणि आपल्या मुलांच्या लग्नाच्या पंगतीतही सांगितलं आहे. (तेव्हा तुमचं वऱ्हाड हात धुवायला उठलं होतं, आणि आमची मराठी जुन्या बखरीतल्यासारखी वाटते असं तुमच्या धाकट्या भावाने म्हटलं होतं. मी विसरलेलो नाही. पण ते इथे अप्रस्तुत आहे.) तर आमच्या वाचनालयाने या विषयावर पट्टिमन्ड्रम ठरवलं. पट्टिमन्ड्रम म्हणजे तुमच्याकडच्या वादविवादासारखाच प्रकार, फक्त लोक हसायला येतात आणि भांडत घरी जातात. दोन बाजू, मध्ये एक न्यायाधीश, आणि शेवटी शाली. इंग्लंडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात काही बिशप निव्वळ पदामुळे बसतात, कोणी निवडून न देता मंत्र्यांना प्रश्न विचारतात, असं कोणीतरी वाचलं होतं. म्हणून विषय ठरला: कायदेमंडळात धर्मगुरूंना जागा असावी की नसावी? 'नसावी' बाजूचा पुढारी अर्थातच मी. माझ्या बाजूला फादर आरोग्यसामी. (होय, पाद्रीच. संयोजक त्यांना 'असावी'कडे बसवायला गेले, तर फादर म्हणाले की आमच्या कॅथलिक चर्चच्या नियमाने असली खुर्ची मला घेता येत नाही, मग ती दुसऱ्यासाठी कशाला मागू? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.)

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जेवून पान लावत होतो, एवढ्यात हरिणीचा फोन आला. रडत होती. मला वाटलं नोकरी गेली. तसं नव्हतं. आदल्या दिवशी वरच्या सभागृहात एक बिशप उभे राहिले आणि त्यांनी मंत्र्यांना विचारलं की ज्या बाईला आपण पाच सांगून आणलं, तिला दहा कोणत्या तोंडाने सांगायचं? ती बाई कोण, तर आपली हरिणी. नाव घेतलं नाही, पण तीच. झालं असं की मागे एकदा तिच्या वृद्धाश्रमात जांभळ्या शर्टातला एक गृहस्थ एका फार म्हाताऱ्या बाईंना भेटायला आला होता. हरिणी त्यांना लापशी भरवत होती. तो शेजारी बसून राहिला आणि तिला विचारू लागला, किती वर्षं झाली, पुढे काय, घरी कोण. तिला वाटलं म्हातारीचा भाचा असेल, तिने मोकळेपणाने सांगितलं. (अप्पा माझं ऐकत नाहीत, असंही काही सांगितलं की काय, ते मी विचारलं नाही.) तो भाचा बिशप निघाला.

श्रीपादराव, तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं. तिला मत देता येत नाही. तिथल्या ज्या आमदार-खासदारांना मतं लागतात, त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. आणि ज्याला कोणाचंच मत लागत नाही, ज्याला माझ्या सिद्धांताप्रमाणे तिथे बसायचाच अधिकार नाही, तो एकटा तिच्यासाठी उभा राहिला. संध्याकाळी माझी सभा, आणि माझा सिद्धांत दुपारीच आजारी पडलेला. मी तसाच उठून 'असावी'च्या पुढारी सुब्बलक्ष्मीबाईंकडे गेलो. या निवृत्त इतिहास शिक्षिका. आज मला तुमच्या बाजूला घ्या, अशी विनंती केली. बाईंनी शांतपणे कॉफी दिली आणि म्हणाल्या, "राव, माझं अख्खं भाषण तुम्हाला पाडण्यासाठी लिहिलंय. तुम्हीच इकडे आलात तर मी पाडू कोणाला?" कॉफी चांगली होती.

संध्याकाळी नाचियारकोविलची मोठी समई लावून सुरुवात झाली. बाईंनी पहिलाच घाव वर्मी घातला. म्हणाल्या, समोर बसलेल्या रावांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांचं मीठ खाल्लेले. सरफोजी राजे लहान असताना कंपनी सरकारपुढे त्यांची बाजू कोणी मांडली? निवडून आलेल्या कोणी? नाही, एका जर्मन पाद्र्याने. तो गप्प बसला असता तर आज हे राव कुठे असते? सभागृह माझ्याकडे वळून हसलं. मी उठलो. पहिली दहा मिनिटं मी नेहमीप्रमाणे गर्जलो, लोकांनी नेहमीप्रमाणे टाळ्या दिल्या. मग बिशपांना कोणी निवडलं असं विचारायला हात वर केला, आणि तोंडातून लापशीची गोष्ट निघाली. ती म्हातारी, तो जांभळा शर्ट, माझी मुलगी, दोरी पुढे नेणारं सरकार. शेवटी मी ओरडलो की अशा माणसाला तिथून उठवायचं म्हणता, तर तिच्यासाठी विचारणार कोण? आणि घाम पुसत खाली बसलो, माझ्या स्वतःच्या बाजूच्या खुर्चीवर. टाळ्या थांबेनात. मला आधार द्यायला फादर उठले. ते म्हणाले की मी या गावात दवाखान्यासाठी, पाण्यासाठी, तुरुंगातल्या पोरांसाठी सरकारच्या दारात भांडलो आहे, आणि भांडता आलं ते दाराबाहेर होतो म्हणूनच. मग माझ्याकडे वळून हळूच पण माईकमध्ये म्हणाले, "आत खुर्ची दिली की ते आधी आपल्याला चहा देतात, राव." सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळी विचार करत.

न्यायाधीश होते सुंदरेश वकील. निकाल 'नसावी'च्या बाजूने, फादरांच्या भाषणामुळे. आणि 'असावी'ची बाजू सर्वोत्तम मांडल्याबद्दल खास शाल कोणाला, तर 'नसावी'चे पुढारी व्यंकोबाराव यांना. म्हणजे माझी बाजू जिंकली ती माझ्यामुळे नाही, आणि मी जिंकलो तो माझ्या बाजूने नाही. वाचनालयाच्या पायरीवर लोक माझं अभिनंदन करत होते, त्यातले अर्धे मी अखेर सुधारलो म्हणून आणि अर्धे मी ठाम राहिलो म्हणून. बिशपांच्या प्रश्नाचं पुढे काय झालं म्हणाल, तर मंत्री अत्यंत नम्रपणे उठले, प्रश्नाबद्दल त्यांचे आभार मानले, सर्व बाजूंचा विचार चालू आहे म्हणाले आणि बसले. बिशपही बसले. म्हणजे काहीच झालं नाही. मी हरिणीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अप्पा, मला कोणीतरी विचारलं ना." याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

तर मुद्द्याची गोष्ट. पुढच्या महिन्यात तुम्ही मुलांकडे जाताय, तेव्हा ती शाल मी पार्सलने पाठवतो. ती त्या बिशपांच्या खांद्यावर घालावी आणि सांगावं की एका कट्टर विरोधकाकडून आहे. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
व्यंकोबाराव

ता. क. दहाचा नियम खरोखर आलाच तर मुलं कंटाळून परत येतील, हे आपण दोघेही जाणतो, फक्त मोठ्याने बोलत नाही. तुमच्या दुकानाचा वरचा मजला तुम्ही गिरीशसाठी रंगवून घेतलाय, हे मला कळलं आहे. तेव्हा हेही सांगून टाकतो की मी इथे हरिणीसाठी एका इस्पितळात शब्द टाकून ठेवला आहे आणि माडीवर नवीन गीझर बसवला आहे. म्हणजे ज्या सरकारचा मी वर निषेध केला, त्याने दोरी पुढे न्यावी म्हणून मी आणि तुम्ही दोन टोकांना बसून वाट बघतोय. कोल्हापुरात थंडी असते. माझ्या माडीचा विचार व्हावा.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर शिवकामीला वाचून दाखवला. गीझरपाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "त्या परक्या माणसाने तिला विचारलं, पुढे काय. तुम्ही दोघांनी कधी विचारलंत?" श्रीपादराव, मी आठवून पाहिलं. मी तिला सल्ला दिला आहे, इशारा दिला आहे, दाखले दिले आहेत, फोनवर भाषणं दिली आहेत. विचारलेलं नाही. तुम्हीही विचारलं नसणार, कारण विचारलं असतंत तर मजला रंगवला नसता. शाल शिवकामीने कपाटात ठेवली आहे, आधी हे करा म्हणते. येत्या रविवारी तुम्ही गिरीशला फोन करा, मी हरिणीला करतो. मजल्याचा विषय काढायचा नाही, गीझरचा मी काढणार नाही. तुम्हाला काय हवंय, एवढाच एक प्रश्न विचारायचा, आणि त्या बिशपासारखं खाली बसायचं.