गाडी बरी झाली

नाचणे, रत्नागिरी
१० जानेवारी २०२५

चि. ईशास,
आत्याचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर मी सगळं छान आहे म्हणते तेव्हा तुझे पप्पा माझ्या शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे पत्र. शिवाय दादा बोटीवर होता तेव्हा घराला जी पत्रांची सवय लागली, ती माझी काही सुटली नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, वाईट बातमी पहिल्या परिच्छेदात घालू नये, वाचणाऱ्याला आधी नीट बसू द्यावं. तर परसातला शेवगा फुलांनी भरलाय, माझा गुडघा बरा आहे, आणि दादा रोज दुपारी माझ्याकडेच जेवतो. कालच्या बांगड्याला मीठ कमी म्हणाला, पण ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

आता गाडी. कमळावहिनी गेली, तिचं पुण्यानुमोदन झालं आणि महिन्याभरात त्याने ती घेतली, तेव्हा आपण दोघींनी तोंडावर हात ठेवला होता. या वयात एवढी वेगाची, तीही विजेची गाडी! पण त्या वर्षात तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून मी गप्प बसले. ती गाडी आता त्याचा जीव खाते आहे. चालता चालता पडद्यावर कासवाचं चित्र येतं आणि ती खरोखरच कासव होते. गेल्या महिन्यात भर बाजारात दारांत दडलेल्या मुठी बाहेरच येईनात. चावी हातात घेऊन दादा आपल्याच गाडीबाहेर उभा, आणि भोवती बघे. कोल्हापूरच्या वर्कशॉपने टो करून नेली आणि दोष सापडला नाही म्हणून परत पाठवली. वर हेही ऐकवलं की रोज पाणी मारता म्हणून होत असेल. आता तो रोज संध्याकाळी खाली वाकून गोड्या पाण्याने तिचं पोट धुतो हे खरं आहे. खारा वारा लोखंड खातो, हे बोटीवर शिकलेला माणूस दुसरं काय करणार?

मंगळवारी चिपळूणला धाकूभाऊंकडे म्हणून निघाला आणि दिवेलागणीला परत आला, चिपळूण न बघताच. पडद्यावरचा नकाशा गेला, गाडीने भलत्या रस्त्याला घातलं, म्हणाला. त्याचं तोंड फार उतरलं होतं.

सम्यकला गोड पापा. आत्याची आठवण असू दे.
तुझी,
करुणाआत्या

*

पुणे
२१ जानेवारी २०२५

ती. करुणाआत्यास,
ईशाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा सम्यकने ते उलटसुलट केलं आणि विचारलं, याला ब्लू टिक कुठे येते. तुझ्या सिस्टरचा नियम मला जमत नाही, मी सरळच लिहिते.

मी कोल्हापूरला फोन केला. गाडी कुठून कुठे गेली याची नोंद त्यांच्याकडे राहते. मंगळवारी गाडीत काहीही बिघाड नव्हता, नकाशासुद्धा पूर्ण वेळ चालू होता. पप्पा हातखंब्याला डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळले. लांज्यापर्यंत गेले. तिथे रस्त्याच्या कडेला बराच वेळ गाडी उभी होती. आत्या, ज्या माणसाने मला त्या तिठ्यावर उभं करून दिशा शिकवल्या, तो तिथे चुकतो?

मला चावी काढून घ्यायची आहे. पण मन घट्ट होत नाही, कारण या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे, त्यात मी शिरले. नाशिकच्या एका डॉक्टरांची गाडी अशीच कासव होते. कुणाचा पडदा काळा पडतो, कुणी पावसात गाडीबाहेर अडकतं, आणि वर्कशॉप प्रत्येकाला हेच सांगतं की दोष नाही. मग पप्पा खोटं बोलतात असं कसं म्हणू?

तू एक कर. एक दिवस त्यांच्या शेजारी बसून जा. तुझ्यादेखत गाडीने तसं केलं तर मी कंपनीशी भांडेन आणि चावीचं नाव पुन्हा काढणार नाही. तुझा शब्द मला पुरे. पप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस.

गुडघ्याला जपणे. माया आहेच, ती माझ्या आगाऊपणाने कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
ईशा

*

नाचणे, रत्नागिरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. ईशास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे काल दादाबरोबर नेवऱ्याला हौसाकाकीकडे जायला निघाले. मी पुढच्या सीटवर पिशवी ठेवली, तर ती उचलून त्याने मागे ठेवली आणि सीट रुमालाने पुसली. मग मला बस म्हणाला. किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. इतकी पळणारी गाडी, पण तो तिला बैलगाडीसारखी चालवत होता. आवाज म्हणून नाहीच. दादा म्हणाला, बोटीवर पंप आजारी पडला की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, दुखणं कुठे आहे ते ऐकू येतं. हिचं काही ऐकूच येत नाही, तर कळणार कसं?

आरे-वारेचा चढ लागला आणि पडद्यावर कासव आलं. मग पडदा काळा. गाडी रेंगाळत कडेला जाऊन थांबली, खाली सगळा समुद्र. मी घाबरले, पण दादाकडे बघितलं तर त्याचा चेहरा उजळला होता. शाळेत पहिला आल्यावर दिसायचा तसा. म्हणाला, "बघितलंस ना करुणा? आता तरी?" मी म्हटलं, बघितलं रे दादा.

तेव्हा ईशा, ही माझी साक्ष. गाडीत दोष आहे. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. कंपनीला हे पत्र दाखव, हवं तर माझी सही वेगळी घे. तुझे पप्पा खोटं बोलत नव्हते.

टो-गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. त्या वेळची आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी. पण आज हात चालत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

तुम्हां सगळ्यांना आशीर्वाद.
करुणाआत्या

*

पुणे
२ मार्च २०२५

ती. करुणाआत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने. तुझ्या पत्राचा फोटो, ग्रुपमधल्या इतरांच्या तक्रारी, सगळं कंपनीला पाठवलं. दहा फोन झाल्यावर त्यांनी कबूल केलं की एक भागच सदोष आहे आणि कितीतरी गाड्यांमध्ये तो बसवलेला आहे. धुण्याचा काही संबंध नाही. नवा भाग बसवून गाडी या आठवड्यात घरी येईल.

पप्पांची मी फोनवर माफी मागितली. ते एवढंच म्हणाले की बरं झालं. मला वाटलं होतं, छाती फुगवून बोलतील, मला टोमणे मारतील. दमले असतील.

आता बेत ऐक. मे महिन्यात सम्यकला तुमच्याकडे पाठवते. आजोबा आणि नातू दोघंच त्या गाडीतून गणपतीपुळ्याच्या समुद्रावर जाणार, असं मी त्याला कबूल करून बसले आहे. तो आतापासून पिशवी भरतो आहे.

आणि तुझी ती दुसरी गोष्ट म्हणजे हौसाकाकी माझ्या जाडीवर काहीतरी बोलली असणार. ते लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या मायेची हक्कदार,
ईशा

*

नाचणे, रत्नागिरी
१८ मार्च २०२५

चि. ईशास,
सप्रेम जयभीम आणि अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी आली. वर्कशॉपची माणसं चढावरून फिरवून दाखवून गेली. कासव नाही, काही नाही. शेवग्याच्या शेंगाही आता धरल्या आहेत, पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. आता नीट बस, बाळ.

त्या दिवशी आरे-वारेला आम्ही दगडावर बसलो होतो. ऊन कलायला लागलं तसा दादा अस्वस्थ झाला. घड्याळ बघितलं आणि मला म्हणाला, "घरी फोन लाव. कमळा जेवायची थांबली असेल."

वहिनी दादा घरी असताना त्याच्याआधी कधी जेवली नाही, हे तुला मी काय सांगू. उशीर होणार असला की तो आधी घरी कळवायचा, बंदरातून असो की एसटी स्टँडवरून. मी फोन कानाला लावला. कुणालाच लावला नाही. कळवलं म्हटलं. तो शांत झाला आणि समुद्राकडे बघत बसला. टो-गाडीतून परतताना, शिरगावच्या आसपास, खालच्या आवाजात म्हणाला की मघाशी मी बोललो ते ईशाला लिहू नकोस. म्हणजे त्याला कळतं, ईशा. होऊन गेल्यावर कळतं.

मी ते पत्र अर्धवट ठेवलं ते म्हणून. तुझं उत्तर आलं, त्यात सम्यकची पिशवी वाचली, आणि मला झोप लागेना.

गाडी आल्यापासून दादाने ती चालवलेली नाही. रोज धुतो, आत जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो आणि उतरतो. काल मी जेवायला बोलवायला गेले, तर मला बाजूला बसवलं आणि लांज्याचं आपण होऊन सांगितलं. हातखंब्याला कुठे वळायचं तेच आठवेना. पुढे लांज्याला गाडी उभी केली, कारण आपण कुठे निघालो होतो तेही आठवेना. बसून राहिला, धाकूभाऊंचं नाव आठवेपर्यंत. मग म्हणाला, "बिघडलेली होती तोवर बरं होतं गं. सगळं तिच्यावर घालता यायचं. आता चुकलो तर कोणावर घालू?"

आणि चावी माझ्या ओंजळीत ठेवली. तू काढून घेणार होतीस, ती ही.

मी एक साक्ष दिली होती, ती खरी होती. ही दुसरीही मलाच द्यावी लागली. हे पत्र मी त्याच्यापासून लपवलेलं नाही. टाकण्याआधी वाचायला देणार आहे. तू लवकर ये, त्याला चांगल्या डॉक्टरांकडे नेऊ. मे महिन्यात सम्यकला घेऊन तूच ये. गणपतीपुळ्याला गाडी तू चालव, दादा शेजारी बसेल, मी मागे. त्याला मात्र रस्ता विचारत राहा. समुद्र डाव्या हाताला असला की तो बरोबर सांगतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस, माझ्यावरची आणि त्याच्यावरची.
तुझी,
करुणाआत्या

ता. क. चि. ईशास पप्पांचा जयभीम. आत्याने लिहिलेलं वाचलं, सर्व बरोबर आहे. गाडी आता उत्तम चालते, तू चालवून बघ. घाटात सावकाश. सम्यकचा अभ्यास घेणे. तुझ्या आईनेही आशीर्वाद सांगितला आहे.