एकतीस राजांचं पान

मी, रेयना, धर्मग्रंथांच्या पोथ्या हाताने उतरवणारे कै. नतन अल्हादेफ यांची पत्नी, वय बहात्तर, राहणार जेरुसलेम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहिते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. धाकट्या आशेरला शंका असेल तर त्याने पुढे वाचावं.

१. यांचे बोरू, दौत आणि कोरी कातडी आशेरला.

२. घर थोरल्या एलकानाला. आशेर, ओरडू नकोस. तू त्यात राहा, पण मालक तो.

बारा वर्षांपूर्वी एलकाना लढाईवरून परतला. जेवताना हे धर्मग्रंथातली यादी समजावत होते, आमचा जुना सेनापती यहोशवा याने जिंकून मारलेल्या एकतीस राजांची. प्रत्येक राजापुढे ‘एक’ लिहायचं, आणि ओळी विटेवर वीट ठेवावी तशा नेमक्या रचायच्या, म्हणजे पडलेल्याला पुन्हा उठता येत नाही.

एलकाना म्हणाला, “बाबा, त्या राजांना आया नव्हत्या का हो?”

“माझ्या घरी जेवतोस आणि शत्रूचं सुतक पाळतोस? चालता हो!”

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव घ्यायला बंदी.

३. यहोशवाची पोथी. यांचा हात थरथरू लागला तेव्हा राजांचं पान मी लिहिलं, स्वयंपाकघरात बसून. ओळी विटेवर वीटच ठेवल्या. पण दर ‘एक’ला मी पुटपुटले, एलकाना. एकतीस वेळा. यादी कशाला असते ते मला तेव्हा कळलं. मेलेल्याला निदान कुणीतरी वेगळं मोजावं, एवढ्यासाठी. यांनी पान पाहिलं, अक्षर ओळखलं आणि जेवायला वाढ म्हणाले.

बाईच्या हातची पोथी आमच्यात चालत नाही, जमिनीत पुरावी लागते. आशेर ती बाबांची म्हणून सभास्थानात मिरवतो. मी गेल्यावर तीस दिवसांत त्याने स्वतः हैफाला जाऊन भावाला घरी आणावं. नाही आणलं, तर साक्षीदारांनी हे कलम सभास्थानात मोठ्याने वाचावं. ही धमकी आहे का? आहे.

४. एलकाना, बाबा नुसते ओरडले होते. तू बाहेर पडल्यावर कडी मी घातली. तू तीनदा दार वाजवलंस, “आई, उघड गं,” म्हणालास. हे जेवणाच्या पानावर बसून माझ्याकडे बघत होते. मी उघडलं असतं तर ते काही बोलले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी भ्यायले. मला माफ कर.

हे सारं माझ्या हातचं असून साक्षीदारांसमोर सही करते.

साक्षीदार: हाईम पिंटो, रंगारी
साक्षीदार: ससून बारझानी, सुतार

जेरुसलेम, ९ जानेवारी १९६१

(सही) रेयना अल्हादेफ, एलकाना आणि आशेर यांची आई